तसबिरीतल्या बाईच्या हातात लेखणी हवी

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात एखाद्या दाखल्यासाठी गेलं की ग्रामसेवक येईपर्यंत बाकड्यावर बसून राहावं लागतं. मग करायचं काय? नजर आपसूक भिंतीवर जाते. तिथे ओळीने तसबिरी लावलेल्या असतात. शिवाजी महाराज, महात्मा फुले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, लोकमान्य टिळक, महात्मा गांधी, जिजाऊ, सावित्रीबाई. कुणाला मागच्या जयंतीचा सुकलेला हार, कुणाच्या काचेवर कुंकवाचं बोट. आमच्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बचत गटाच्या कामासाठी मी गावोगाव फिरते. घोडेगावच्या पुढच्या आदिवासी वाड्यांपासून ते ओतूर-आळेफाट्यापर्यंत जिथे जाईन तिथे या तसबिरी असतातच. इतक्या ओळखीच्या झाल्यात की आपण त्या बघतो खऱ्या, पण नीट बघत नाही.

एकदा एका शाळेत आठवी-नववीच्या मुलींबरोबर मी एक छोटा खेळ घेतला. कागद आणि रंगीत पेन्सिली वाटल्या आणि सांगितलं, "एका विद्वान माणसाचं चित्र काढा." माणूस म्हणताना मी बाई की पुरुष ते मुद्दाम सांगितलं नाही. अर्ध्या तासाने कागद गोळा केले. जवळजवळ सगळ्यांनी पुरुष काढला होता. कुणी पगडी घातलेला, कुणी कोट आणि चष्मा घातलेला, कुणी पांढऱ्या दाढीचा. हातात पुस्तक मात्र सगळ्यांच्या. एकीने बाई काढली होती, तिला चार हात होते आणि मांडीवर वीणा होती. सरस्वती!

मी त्या मुलीला विचारलं, "अगं, देवी का काढलीस? साधी बाई का नाही?" ती लाजून म्हणाली, "बाईच्या हातात पुस्तक कसं काढायचं ते मला येईना."

तिला हात काढता येत होते, पुस्तकही काढता येत होतं. ही दोन्ही एकत्र असलेलं चित्र मात्र तिच्या पाहण्यातच नव्हतं. मैत्रिणींनो, तिचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मी तसबिरींकडे नव्याने बघायला लागले.

चित्रकार हुशारी कशी दाखवतो?

विद्वत्ता तर डोक्याच्या आत असते. ती रंगांनी दाखवायची कशी? चित्रकार त्यासाठी काही खुणा वापरतो. कपडे, बसण्याची पद्धत, हात कुठे ठेवलेत, नजर कुठे आहे, आजूबाजूला काय मांडलंय, या सगळ्यातून तो बघणाऱ्याला सांगतो की हा माणूस विचार करणारा आहे, याचं ऐका.

आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. जेम्स वेल्स नावाचा एक स्कॉटिश चित्रकार १७९२ साली पेशव्यांच्या दरबारी आला. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची तैलचित्रं काढली. नानांचं नाव आपल्याकडे वेगळ्या कारणानेही घेतलं जातं, कारण भीमाशंकरच्या देवळाचं शिखर त्यांनी बांधवलं असं सांगतात. पेशवाईत 'साडेतीन शहाणे' होते म्हणतात, त्यातले नाना अर्धे शहाणे. अर्धे का? तर त्यांच्याकडे बुद्धी होती, पण तलवार गाजवण्याचं काम त्यांचं नव्हतं. वेल्सच्या चित्रातले नाना सडपातळ आहेत, पांढऱ्या वेषात आहेत, पगडी आहे आणि नजर स्थिर आहे. अंगापिंडाने दांडगा नसलेला हा माणूस एवढं राज्य सांभाळत होता, हे त्या शांत बसण्यातून आणि नजरेतून कळतं. या माणसाचं बळ डोक्यात आहे, हे चित्रकाराने बरोबर ओळखलं होतं.

पुढे इंग्रजी शिक्षण आलं, मुंबईला जे. जे. कलाशाळा निघाली, आणि आपल्याकडच्या मोठ्या माणसांची तैलचित्रं काढून सभागृहात लावायची पद्धत पडली. कॉलेजं, ग्रंथालयं, नगरपालिका, सगळीकडे ती लागली. दिल्लीच्या जुन्या संसद भवनाच्या मध्यवर्ती सभागृहात (आता त्या इमारतीला संविधान सदन म्हणतात) लोकमान्य टिळकांचं जे तैलचित्र लागलं, ते आपल्या मराठी चित्रकाराने, गोपाळ देऊसकरांनी काढलेलं. १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं, तीही देऊसकरांचीच. नाटकाला गेलात तर नक्की बघा. एकाच माणसाचा चेहरा, पण कपडे, मान आणि हात बदलले की बघणाऱ्याच्या मनातली ओळख कशी बदलते, ते तिथे शेजारी शेजारी बघायला मिळतं.

युरोपात तर विद्वानांची चित्रं काढायची जुनी परंपरा आहे. हान्स होल्बाइन नावाच्या जर्मन चित्रकाराने १५२३ साली इरॅस्मस या पंडिताची चित्रं काढली. एका चित्रात इरॅस्मसचे दोन्ही हात जाड पुस्तकावर टेकलेले आहेत. दुसऱ्यात तो लिहितोय. आपल्याकडे बघतसुद्धा नाही, सगळं लक्ष कागदावर. मला हे दुसरं चित्र जास्त आवडतं. पुस्तकावर हात ठेवून कुणीही बसेल. लिहिताना खाली झुकलेली मान मात्र कामाची असते. आपली मुलं परीक्षेच्या दिवसांत अशीच बसतात ना!

कोटाच्या खिशातलं पेन

आता सगळ्यात जास्त घरांत असलेल्या चित्राबद्दल. निळा कोट, चष्मा, हातात जाड पुस्तक, खिशाला पेन. बाबासाहेबांचं हे चित्र आपल्याकडे पत्र्याच्या खोलीतही मानाच्या जागी असतं. आमच्या बचत गटातल्या एका बाईंच्या घरी गेले होते. घरात कपाट नाही, पण भिंतीवर बाबासाहेब. त्या म्हणाल्या, "ताई, माझ्या सासूला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती मुलांना एवढंच म्हणायची, त्या पुस्तकाकडं बघा अन् शाळेत जा."

ज्या समाजाला शतकानुशतकं शिकू दिलं नाही, त्या समाजातला माणूस कोलंबिया विद्यापीठाची आणि लंडनची सर्वोच्च पदवी घेतो, बॅरिस्टर होतो. मग त्याच्या चित्रातला कोट हा नुसता कपडा राहत नाही, पुस्तक ही नुसती वस्तू राहत नाही. 'हे माझंही आहे' असं ते चित्र सांगतं. अक्षरओळख नसलेल्या सासूबाईंनाही ते वाचता आलं.

आणि एक गोष्ट सांगते, ती मला कळली तेव्हा फार बरं वाटलं. संसदेच्या त्या मध्यवर्ती सभागृहात १९९० साली बाबासाहेबांचं तैलचित्र लागलं, ते काढणारी चित्रकार एक स्त्री होती, झेबा अमरोहवी. आपल्याकडे चित्र म्हटलं की बाई चित्रात असायची, कुंचला पुरुषाच्या हातात असायचा. त्यात फरक पाडणाऱ्या बायका आपल्या महाराष्ट्रातही झाल्या. रावबहादूर धुरंधरांची मुलगी अंबिका धुरंधर ही त्यातलीच एक. वडिलांकडून आणि जे. जे.मधून शिकून तिने आयुष्यभर चित्रं काढली. पण अशी नावं आपल्यापर्यंत पोचतच नाहीत.

आणि आपल्या बायकांच्या तसबिरी?

आता त्याच ओळीतल्या बायकांच्या तसबिरी बघूया. सावित्रीबाईंचं आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं चित्र डोळ्यांपुढे आणा. डोक्यावरून पदर, कपाळावर ठळक कुंकू, समोर बघणारे डोळे. चित्र छानच आहे, त्या डोळ्यांत धीर आहे. पण ज्याला काहीच माहिती नाही अशा माणसाला हे चित्र दाखवलं, तर तो काय म्हणेल? घरंदाज सोशिक बाई दिसते, असंच म्हणेल. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा चालवणारी ही शिक्षिका आहे, १८५४ साली 'काव्यफुले' हा कवितासंग्रह छापून आणणारी कवयित्री आहे, हे चित्रातून कळायला मार्गच नाही.

पंडिता रमाबाईंचं तसंच. १८७८ साली कोलकात्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्या संस्कृत जाणत होत्या, पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. आपल्याच जिल्ह्यातल्या केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनचा छापखाना होता, तिथे खिळे जुळवायचं काम बायका करायच्या. पण तसबिरीत आपल्याला काय दिसतं? पांढरं लुगडं, कापलेले केस. बघणारा आधी 'विधवा' वाचतो, 'पंडिता' नंतर, कुणी सांगितलं तर.

डॉ. आनंदीबाई जोशींचं १८८५ सालचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजातल्या तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी आहेत. आनंदीबाई साडी-दागिन्यांत, जपानची केई ओकामी किमोनोमध्ये, सीरियाची सबात इस्लामबूली तिच्या देशाच्या पोशाखात. तिघी डॉक्टर होणार होत्या, पण चित्रात डॉक्टरकीची एकही खूण नाही. त्या कुठल्या देशातून आल्या एवढंच कळतं.

मग बाईच्या हातात पुस्तक दिसतं कुठे? देवीच्या. राजा रविवर्म्याने १८९६ च्या सुमारास काढलेली सरस्वती आपल्या आजीच्या देवघरात होती. वीणा, पोथी, मोर. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि नंतर आपल्याच जिल्ह्यात लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तिथून छापलेल्या चित्रांनी घरोघरी देवदेवता पोचवल्या. त्याच रविवर्म्याने १९०२ साली एक बाई रंगवली, आडवी पहुडलेली आणि समोर उघडं पुस्तक. पण तिथे पुस्तक आहे ते आरामाचं, फावल्या वेळचं. म्हणजे देवीच्या हातात पोथी चालते, श्रीमंताघरच्या बाईसमोर कादंबरी चालते. टेबलाशी बसून, शाईने बोटं माखलेली, काहीतरी लिहिणारी साधी बाई मात्र चित्रात येत नाही. त्या शाळेतल्या मुलीला बाईच्या हातात पुस्तक काढता येईना, त्याचं कारण हे आहे.

"मूळ फोटोत तसं नाही ना"

मागे एका वाडीवरच्या शाळेच्या भिंतीवर थोर व्यक्तींची चित्रं काढून घ्यायचं ठरलं. लोकवर्गणी गोळा झाली. पेंटर तालुक्याहून आला, दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणारा, पण हात फार सफाईदार. फ्लेक्स आल्यापासून बिचाऱ्याचं काम कमी झालेलं. कॅलेंडरची पानं समोर धरून त्याने फुले, टिळक, आंबेडकर भराभर उतरवले. सावित्रीबाईंची पाळी आली. तो चेहरा करून थांबला आणि मला म्हणाला, "ताई, खाली जागा उरतीय. हात काढू का? अन् हातात काय देऊ?"

मी म्हटलं, "कागद आणि लेखणी द्या."

शाळा व्यवस्थापन समितीतले एक वयस्कर अण्णा तिथेच उभे होते. ते म्हणाले, "पण वहिनी, मूळ फोटोत तसं नाही ना. उगाच मनाचं कशाला घालायचं? इतिहासात फेरफार बरा नव्हे." अण्णांचा मुद्दा खोटा नव्हता. थोरांच्या नावावर वाटेल ते खपवायची आपल्याकडे सवय आहेच. त्यामुळे मी त्यांना वाद न घालता दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली ज्ञानोबांची. आपल्या जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे, अण्णा दरवर्षी तिथे जातात. मी विचारलं, "अण्णा, ज्ञानोबांचं चित्र तुमच्या घरी आहे, पुढ्यात पोथी आहे. ते कुणी बघून काढलंय?" तेराव्या शतकातलं ज्ञानेश्वरांचं चित्र कुठे आहे? पुढच्या काळातल्या चित्रकारांनी ते मनाने काढलं. ज्ञानेश्वरी सांगणारा मुलगा, म्हणून पोथी दिली. ते आपल्याला खोटं वाटत नाही, कारण ते त्यांच्या कामाला धरून आहे. मुक्ताईचं बघा. तिने एवढ्या मोठ्या योग्याला, चांगदेवांना, उपदेश केला, ती त्यांची गुरू, असं वारकरी मानतात. तिचे 'ताटीचे अभंग' बायका अजून म्हणतात. पण चित्रात ती बहुतेक वेळा भिंतीवर बसलेली असते, तीन भावांच्या पाठीमागे, धाकटी बहीण म्हणून. भावाला पोथी द्यायला चित्रकाराने पुरावा मागितला नाही, मग बहिणीलाच का मागायचा?

दुसरी गोष्ट ओतूरची. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यातलं तिसरं, एप्रिल १८७७ मधलं, आपल्या जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून लिहिलेलं आहे! १८७६-७७ चा तो भयंकर दुष्काळ. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते गावोगाव मदतीचं काम करत होते आणि सावित्रीबाई त्यासाठी इकडे आल्या होत्या. पत्रात त्यांनी माणसं आणि जनावरं कशी मरतायत, लोक गाव सोडून कसे चाललेत, सावकार अडलेल्यांना कसे नाडतायत, सगळं कळवलंय. मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांना पकडलं तेव्हा त्या स्वतः कलेक्टरला भेटल्या, बोलल्या आणि त्यांना सोडवून आणलं. हे सगळं एका बाईने जागेवर जाऊन बघितलं, त्याचा विचार केला आणि लिहून ठेवलं.

मी अण्णांना म्हटलं, "आपल्या ओतूरात बसून त्यांनी हातात लेखणी धरली होती, याला त्यांचं स्वतःचं पत्र साक्षीला आहे. मग आपल्या शाळेच्या भिंतीवर लेखणी काढली तर ती मनाची कशी?"

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेंटरला म्हणाले, "दे रे लेखणी. पण खाली लिही, ओतूर, अठराशे सत्त्याहत्तर. म्हंजी कुणी विचारलं तर सांगता येईल."

ही ओळ मला तर सुचलीच नव्हती. चित्राखालच्या त्या एका ओळीमुळे आता पोरं विचारतात, "ओतूरला काय झालं होतं?" आणि बाईंना सांगावंच लागतं. कुंकवाचं बोट लावून हात जोडले की काम संपतं. प्रश्न पडला की काम सुरू होतं.

मेक्सिकोची एक बाई

आम्ही फार वेगळं काही केलं असंही नाही. मेक्सिकोत सतराव्या शतकात सोर हुआना नावाची एक जोगीण होऊन गेली. लग्न करण्यापेक्षा वाचायला मिळावं म्हणून तिने मठाची वाट धरली. कविता, नाटकं लिहिली, मठातल्या खोलीत पुस्तकांचा मोठा साठा केला, आणि बायकांना शिकायचा हक्क आहे असं धर्माच्या अधिकाऱ्यांना ठणकावून लिहिलं. शेवटच्या वर्षांत तिच्यावर इतका दबाव आला की तिला लिखाण सोडावं लागलं, पुस्तकांपासून दूर व्हावं लागलं. १६९५ साली साथीच्या रोगात आजारी बहिणींची सेवा करताना ती गेली. आपल्या सावित्रीबाईही १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेल्या. कुठे मेक्सिको आणि कुठे पुणे!

तिच्या मृत्यूनंतर पंचावन्न वर्षांनी, १७५० साली, मिगेल काब्रेरा नावाच्या चित्रकाराने तिचं मोठं चित्र काढलं. त्यात ती टेबलाशी बसलीय, मागे पुस्तकांची कपाटं गच्च भरलीयत, जवळ लेखण्या आहेत, एक हात पुस्तकाच्या पानावर आहे. विद्वान पुरुषाचं चित्र जसं काढायचे, अगदी तसंच. जिची पुस्तकं दूर केली गेली, तिला चित्रकाराने ती परत दिली. आज तीच बाई तिथल्या शंभर पेसोंच्या नोटेवर आहे. तिथल्या मुलींना विद्वान बाई काढायला सांगितली तर चार हात काढावे लागत नसतील.

आपल्या घरच्या भिंती

शाळा-पंचायतीचं झालं, आता जरा आपल्या घरात डोकावूया. बैठकीच्या खोलीत काय लावलेलं असतं? सासऱ्यांचा फेट्यातला हार घातलेला फोटो. धाकट्या दिरांचा पदवीदानाचा, भाड्याच्या झग्यातला, हातात गुंडाळी धरलेला. आणि आपला? लग्नातला. शालू, मुंडावळ्या. माझ्या ओळखीत अशा कितीतरी जणी आहेत ज्यांचं बी.ए., डी.एड.चं सर्टिफिकेट पत्र्याच्या ट्रंकेत, साड्यांच्या घडीखाली आहे. रेशनकार्ड आणि विम्याच्या कागदांसोबत. घरातल्या मुलांना माहीतही नसतं की आई पदवीधर आहे. एक मुलगा तर मला म्हणाला होता, "आई घरीच असते, ती काही शिकलेली नाही." आई आत चहा करत होती, ती इतिहासात द्वितीय श्रेणीत पास झालेली!

याला कुणी मोठेपणा मिरवणं म्हणेल. पण मिरवण्याचा प्रश्न नाही हो. नववीतल्या मुलीला 'आता पुरे शिक्षण' म्हणायचं ठरतं तेव्हा ती बैठक त्याच खोलीत बसते. मामा, काका, आजी सगळे जमतात. त्या भिंतीवर शिकलेल्या बाईची एकही खूण नसेल तर त्या मुलीने बोट कशाकडे दाखवायचं? आणि आईने बोलायला तोंड उघडलं तर तिचं ऐकायचं कुणी? बाबासाहेबांच्या पुस्तकाकडे बोट दाखवणाऱ्या त्या सासूबाईंसारखं काहीतरी आपल्यापाशी असायला हवं.

म्हणून आमच्या गटाने दोन-तीन साध्या गोष्टी ठरवल्यात. खर्चाच्या नाहीत, तुम्हालाही करता येतील. ज्या बाईने पदवी, पदविका, निदान दहावी पूर्ण केलीय, तिने सर्टिफिकेटची झेरॉक्स फ्रेम करून बैठकीत लावायची, मूळ कागद ट्रंकेतच राहू दे. साक्षरता वर्गात शिकलेल्या आजीचा फोटो काढताना तिच्या हातात वही द्यायची, नातवंड नंतर. शाळेच्या भिंतीवर चित्र निघणार असेल तर समितीत आपण बोलायचं, बाईच्या हातात तिच्या कामाची वस्तू काढा आणि खाली एक ओळ लिहा. आनंदीबाईंना स्टेथोस्कोप, रमाबाईंना छापखान्याचे खिळे, मुक्ताईला पोथी. आणि जयंतीला हार घालण्याआधी पाच मिनिटं त्या व्यक्तीने लिहिलेलं काहीतरी मोठ्याने वाचायचं. गावात वाचायला येणारी एक तरी मुलगी असतेच.

चित्रं कायम टिकत नाहीत, हेही खरं. आपल्या नाणेघाटाच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरले होते, त्यात नागनिका राणीही होती. आज ते पुतळे नाहीत, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. पण वर कोरलेली नावं वाचता येतात. बाजूच्या भिंतींवरच्या लेखात तिने केलेल्या यज्ञांचा, दिलेल्या दानांचा हिशोब आकड्यांसकट आहे. चेहरा गेला आणि लिहिलेलं राहिलं, म्हणून आज आपण तिला ओळखतो. अण्णांनी चित्राखाली ओळ लिहायला लावली ती किती योग्य होती, हे नाणेघाट बघितल्यावर पटतं.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते, बालिका दिन म्हणून आपण ती साजरी करतो. तुमच्या गावच्या शाळेत त्या दिवशी मुलींना सांगा, "विद्वान बाईचं चित्र काढा. चार हात नकोत, दोनच पुरेत." कुठल्या हातात काय येतंय ते बघा. आणि कुणाला काढता आलं नाही, तर तिच्या शेजारी बसून तुम्ही स्वतः तिच्यासमोर एक ओळ लिहा. बाईच्या हातात लेखणी कशी दिसते, ते तिला तिथल्या तिथे कळेल.